अमेरिकेत समलिंगी लग्नाचं लायसन्स: कोणाला मिळतं, कागद काय लागतात, आणि क्लार्क नाही म्हणाला तर

१० नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने किम डेव्हिसची याचिका ऐकायलाच नकार दिला. समलिंगी जोडप्यांना लग्नाचं लायसन्स, म्हणजे लग्नाआधी घ्यायचा सरकारी परवाना, नाकारणारी ही बाई, आणि समलिंगी लग्नाचा हक्क देणारा २०१५ चा निकाल फिरवा अशी तिची मागणी होती. त्याआधी दोन-तीन महिने इकडच्या मराठी मुलामुलींचे मला फोन येत होते, ताई आता लायसन्स बंद होणार का, आम्ही घाईघाईने उरकून घेऊ का. तर आधी हे ऐका, लायसन्स बंद झालेलं नाही, सुप्रीम कोर्टाच्या त्याच २६ जून २०१५ च्या ऑबर्गफेल निकालामुळे पन्नासही राज्यांत मिळतं.

नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, मी न्यू जर्सीचं सांगते. दोघंही १८ पूर्ण हवेत आणि आधीचं लग्न कायद्याने संपलेलं हवं, नागरिकत्वाची अट नाही, भारतीय पासपोर्ट चालतो. दोघांपैकी एकजण जिथे राहतो तिथल्या टाऊनच्या रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा, सोबत फोटो आयडी, राहत्या पत्त्याचा पुरावा, सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकन नागरिकांना सक्तीचा), १८ वर्षांवरचा एक साक्षीदार आणि २८ डॉलर. घटस्फोटाचा हुकूम पुण्या-साताऱ्याच्या कोर्टाचा मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून घ्या. अर्ज दिल्यावर ७२ तास थांबावं लागतं, मग लायसन्स मिळतं आणि ते ३० दिवस चालतं.

फॉर्मवर आईचं लग्नाआधीचं नाव लागतं. मी मैत्रिणीची साक्षीदार म्हणून गेले होते तेव्हा ती तिथेच अडली, कारण तिच्या आईचं नाव लग्नात पहिल्या नावासकट बदललेलं, मग काउंटरवरूनच मामाला फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेअकरा, मामाने झोपेतून उठून स्पेलिंग सांगितलं आणि कशासाठी ते कळल्यावर फोनवरच रडला. म्हणून ही माहिती आधी विचारून ठेवा.

आता धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा, इथे खूप गोंधळ होतो. लायसन्स देणं वेगळं आणि विधी करणं वेगळं. चर्चचा पाद्री किंवा देवळातले गुरुजी तुमचं लग्न लावायला नाही म्हणू शकतात, तो त्यांचा हक्क आहे आणि मला तो योग्यच वाटतो. २०२३ मध्ये तर कोर्टाने एका वेबसाइट डिझायनरलाही समलिंगी लग्नाच्या वेबसाइट न बनवायची मुभा दिली. पण लायसन्स देणारं सरकारी ऑफिस नाही म्हणू शकत नाही. किम डेव्हिस तेव्हा केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीची क्लार्क, म्हणजे लायसन्स देणारी सरकारी अधिकारी, तिने २०१५ मध्ये देवाचं नाव घेऊन लायसन्स द्यायचं थांबवलं, कोर्टाचा आदेश मोडला म्हणून पाच दिवस तुरुंगात गेली, आणि २०२३ मध्ये ज्युरीने एका जोडप्याला मिळून एक लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. ती तुरुंगात असताना तिच्याच ऑफिसातल्या डेप्युटींनी लायसन्स दिली.

त्यामुळे कोणी नकार दिलाच तर भांडू नका, दुसरा अधिकारी मागा. नॉर्थ कॅरोलायनासारख्या काही राज्यांत कर्मचाऱ्याला श्रद्धेच्या कारणाने बाजूला राहता येतं, पण मग ते काम दुसऱ्याने करायचं असतं. तरीही होत नसेल तर तारीख, वेळ, कोण काय बोललं ते लिहून ठेवा, नकार लेखी मागा आणि वकील गाठा.

आणि पुढेमागे २०१५ चा निकालच फिरवला तर? डिसेंबर २०२२ च्या रिस्पेक्ट फॉर मॅरेज कायद्यामुळे एका राज्यात कायदेशीर झालेलं लग्न बाकी राज्यांना आणि केंद्र सरकारला मानावंच लागतं, पण प्रत्येक राज्याने नवीन लायसन्स द्यावं अशी सक्ती त्यात नाही. एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) आणि ग्रीन कार्डसाठी हे लग्न धरतात. भारतात मात्र नाही, १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने नकार दिलाय, तेव्हा तिकडच्या प्रॉपर्टीसाठी मृत्युपत्र वेगळं करून ठेवा.

लग्न लागल्यावर प्रमाणित प्रती घ्यायला विसरू नका, साधी झेरॉक्स चालत नाही, मी तर तीन-चार घ्या म्हणते. जिम ऑबर्गफेलची केस मुळात एका कागदासाठीच होती, नवरा मरणाच्या दारात होता, ओहायोत लग्न होत नव्हतं म्हणून विमानाने मेरीलँडला नेऊन तिथल्या विमानतळावर विमानातच लग्न लावलं, आणि त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर मागे राहिलेला जोडीदार म्हणून स्वतःचं नाव यावं एवढंच तो मागत होता.