मोटरींची पंगत

सीएनसी मशिनवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणाऱ्या यंत्रावर, गोल भोक कापायचं आहे. कटर मिनिटाला 6 मीटर, म्हणजे सेकंदाला 100 मिलिमीटर वेगाने चाललाय. कटरला आडवं आणि उभं सरकवणाऱ्या एक्स आणि वाय अक्षांच्या मोटरींनी हुकूम पाळण्यात फक्त 1 मिलीसेकंदाचा फरक पडला, तर तेवढ्यात कटर 0.1 मिलिमीटर सरकलेला असतो. गोल तिरका लंबगोल होतो. तिथे बेअरिंग बसवायचं असेल तर जॉब गेला भंगारात.

हे हुकूम केबलमधून जातात. संगणक केबलने जोडायची नेहमीची पद्धत म्हणजे इथरनेट. ते 1973 मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात जन्मलं ते ऑफिसच्या कामासाठी. दोन संगणक एकदम बोलले तर दोघांनी गप्प बसायचं आणि थोड्या वेळाने, वाटेल तेव्हा, पुन्हा बोलायचं. आज केबली एकत्र जोडणाऱ्या स्विचमुळे टक्कर टळते, पण रांग राहतेच. ईमेल 5 मिलीसेकंद उशिरा आली तर कुणाला कळत नाही. मोटरला कळतं.

जर्मनीच्या बेकहॉफ कंपनीने 2003 मध्ये आणलेल्या इथरकॅटमध्ये केबल तीच आणि वेगही सेकंदाला 100 मेगाबिटच. बदलली ती पंगतीत वाढण्याची रीत. कंट्रोलरचा, म्हणजे मशिनच्या मेंदूचा, एकच संदेश सगळ्या ड्राइव्हमधून (मोटर चालवणाऱ्या डब्यांमधून) न थांबता जातो. जाता जाता प्रत्येक ड्राइव्ह आपल्या वाट्याचा हुकूम उचलतो आणि मोटर कुठे पोचली ते त्याच संदेशात लिहितो. शेवटच्या ड्राइव्हला पुढे केबल दिसत नाही, म्हणून तो संदेश परत पाठवतो.

तरीही पहिल्याला हुकूम आधी मिळतो, शेवटच्याला नंतर. पंगतीतही पहिल्या पानावर भात आधी पडतो, पण घास कुणी उचलत नाही. ‘हर हर महादेव’ झालं की सगळे एकदम सुरू करतात. मला या रचनेतलं हेच सर्वात सुंदर वाटतं. इथे आरोळी नसते, प्रत्येकाजवळ घड्याळ असतं. केबलच्या दर मीटरला सिग्नलला साधारण 5 नॅनोसेकंद लागतात. तो उशीर मोजून वजा करतात आणि बाकीची घड्याळं एका ड्राइव्हच्या घड्याळाशी सतत जुळवत राहतात, कारण घड्याळाचा ठेका धरणारा प्रत्येक क्रिस्टल थोडा थोडा चुकतोच. मग सगळ्यांमधला फरक 1 मायक्रोसेकंदाच्या आत येतो. तेवढ्यात आपला कटर 0.1 मायक्रॉनसुद्धा सरकत नाही.

जोडताना मात्र कंट्रोलरचे दोन पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या जागा, दिसायला सारखेच असतात. एक लॅपटॉपसाठी. कंट्रोलरचा आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा नंबर) 192.168.1.10 आणि मास्क (पत्त्यातले कोणते आकडे सारखे हवेत ते सांगणारा) 255.255.255.0 असेल, तर लॅपटॉपला 192.168.1.20 चालेल. 192.168.0.20 दिलात तर हिरवा दिवा लुकलुकेल, पण पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या हाकेला, उत्तर येणार नाही. दुसरा पोर्ट ड्राइव्हसाठी. त्यांना आयपी पत्ता लागत नाही, आणि ती साखळी ऑफिसच्या स्विचमधून कधीही नेऊ नका. केबल आधीच्या ड्राइव्हच्या ‘आउट’मधून पुढच्याच्या ‘इन’मध्ये जायला हवी. उलटी लागली तरी दिवा हिरवाच राहतो, पण पंगतीचा क्रम बदलतो आणि बहुतेक कंट्रोलर तो क्रम तपासून मशिन सुरूच करत नाहीत.