ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे

परदेशी पासपोर्ट घेतला तरी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड काढलं की भारतीय नागरिकत्व शाबूत राहतं, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. जुना पासपोर्ट जमा करावाच लागतो. ओसीआय हा मुळात आजन्म व्हिसा. मतदानाचा हक्क त्यात नाही.

लोक खरे अडकतात ते गावच्या जमिनीत. फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेत वारसाने मिळतं, सातबाऱ्यावर नाव लागतं. पण विकायचं तर भारतात राहणाऱ्यालाच! पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या गोंयकारांनाही हाच नियम.