‘आमचे मालक ठरवतेत’ आणि विकलेली शेळी

मागच्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमच्या बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या मुली सर्वेक्षणाला निघाल्या. सात दिवसांचं शिबिर. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान आणि मधल्या वेळात घरोघर फॉर्म. विषय ऐसपैस घेतला होता: शासनाच्या योजना आणि घरातले रोजचे निर्णय. एका घरी मीही बरोबर गेलो. ओसरीवर सासूबाई सुपात तूर पाखडत होत्या, सून दाराला टेकून उभी. मुलीनं फॉर्मवरचा प्रश्न वाचला, “घरातल्या मोठ्या खरेदीचा निर्णय कोण घेतं?”

“आमचे मालक ठरवतेत.” टिक.

“तुम्ही आजारी पडलात तर दवाखान्यात कधी जायचं, हे कोण ठरवतं?”

“तेच की.” टिक.

चार मिनिटांत फॉर्म संपला. चहा घेऊन निघताना, गोठ्यापाशी, मुलीनं सहज म्हटलं, “मावशी, दोनच शेळ्या का?” बाई म्हणाली, “तीन होत्या. एक विकली पोराच्या फीला. ह्यांना मागून सांगितलं.”

फॉर्म तोवर पिशवीत गेला होता.

हे प्रश्न आम्ही मनाने बनवले नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांना जवळपास असंच विचारतात: स्वतःच्या आरोग्याबद्दल, मोठ्या खरेदीबद्दल, माहेरी-नातलगांकडे जाण्याबद्दल निर्णय कोण घेतं. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या फेरीत देशभरातली सहा लाखांवर घरं होती. एवढ्या घरांना एकाच मापानं मोजायचं तर प्रश्न ठोकळेबाज होणारच, त्यात त्या सर्वेक्षणाचा दोष नाही. पण आमच्याकडे चाळीस मुली होत्या, एक गाव होतं, आणि वेळच वेळ होता. आम्हाला ठोकळा कशाला हवा होता?

शिवाय एक चूक माझीच. अशा सर्वेक्षणांत बायकांशी बाईच बोलते, आणि शक्यतो बाजूला नेऊन बोलते. आम्ही काय केलं, तर सासूच्या देखत विचारलं, आणि वर मी, शर्ट-पँटमधला मास्तर, दारात उभा. अशा वेळी ‘मालक ठरवतेत’ हे उत्तर म्हणजे घराची अब्रू राखण्याची रीत असते. त्या बाईनं खोटं सांगितलं असं मला अजूनही वाटत नाही. तिनं घराचा नियम सांगितला. शेळी विकली तो प्रसंग होता. आम्ही नियम विचारत राहिलो आणि तो प्रसंगाचा हिशेब समजून लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी मुलींनी फॉर्म बदलला. ‘निर्णय कोण घेतं’ हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी: घरातलं शेवटचं जनावर कधी विकलं? त्या दिवशी बाजारात कोण गेलं? पैसे कुणाच्या हातात आले? पहिला खर्च कशावर झाला? लाडकी बहीणचे पंधराशे कुणी काढून आणले, जिचं खातं तिनेच की दुसऱ्या कुणी? उत्तरं लांबली, फॉर्मला अर्धा तास लागायला लागला. पण आता बाया बोलायला लागल्या.

‘शेवटची वेळ’ विचारण्यातही मेख आहे. माणसाची आठवण वहीसारखी चालत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाला याचा मोठा फटका एकदा बसलेला आहे. १९९९-२००० च्या पंचावन्नाव्या फेरीत घरातल्या खाण्यापिण्याचा खर्च एकाच फॉर्ममध्ये दोनदा विचारला, मागच्या सात दिवसांचा आणि मागच्या तीस दिवसांचा. लोकांनी एका उत्तरावरून दुसरं जुळवून सांगितलं असावं आणि त्यात खर्च फुगला असावा असा संशय आला. त्या आकड्यांवरून देशातली गरिबी १९९३-९४ च्या सुमारे ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचं जाहीर झालं. त्यातली खरी घट किती आणि प्रश्न बदलल्यामुळे दिसलेली किती, यावर अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडत राहिले. पुढे नोबेल मिळालेले अँगस डीटनही त्यात होते. मुलींना हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, “सर, म्हंजे गरिबी फॉर्मनं कमी झाली?” थोडी फॉर्मनं, थोडी खरोखर. किती किती, हेच तर भांडण.

आता ‘कधी’चा मुद्दा. माझ्या मते मराठवाड्यात तो ‘कोण’पेक्षा मोठा आहे.

आपल्याकडे पैसा वर्षभर सारखा वाहत नाही. जून-जुलैत पेरणी असते. बियाणं आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर. सोयाबीन घरात येतं दसरा-दिवाळीच्या आसपास, कापूस त्यानंतर, तूर त्याहून पुढे. आणि अकरावीचे, पदवीचे प्रवेश नेमके जून-जुलैत. मुलीला पुढे शिकवायचं की नाही हे घरात ठरतं ते हात सर्वात रिकामे असतात त्या महिन्यात. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकारने माफ केली, चांगलं केलं. पण लातूरला किंवा संभाजीनगरला खोलीचं भाडं आणि मेसचा ॲडव्हान्स जूनमध्येच भरावा लागतो, आणि तो फीमध्ये बसत नाही.

पैशाच्या या चढउताराचा डोक्यावर काय परिणाम होतो, हे पाहणारा एक गाजलेला अभ्यास उसावरच झाला आहे, आपल्याकडे नाही, तमिळनाडूत. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि सहकाऱ्यांनी ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादकांना कोडी सोडवायला दिली, एकदा तोडणीच्या आधी आणि एकदा नंतर. शेतकरी तेच, शेत तेच. तोडणीआधी, म्हणजे हातात पैसा नसताना, त्यांची कामगिरी घसरलेली दिसली. ‘सायन्स’ नियतकालिकात २०१३ मध्ये तो छापून आला. लेखकांचं म्हणणं असं की उद्याच्या देण्याची चिंता मनाची जागा अडवून बसते, म्हणून बाकीच्या विचाराला ती कमी पडते. मला हे पटतं, पण जरा हात राखून. अमेरिकेतल्या गरीब लोकांची पगाराच्या आधी आणि नंतर अशीच परीक्षा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घेतली, तेव्हा बुद्धीच्या कामात फरक आढळला नाही. तेव्हा ‘गरिबीत डोकं चालत नाही’ असं वाक्य कुणी पोस्टरवर लिहिलं तर ते फाडावं.

आमच्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं आहेत. त्यांच्यातल्या एकानं तमिळनाडूच्या अभ्यासावर जो आक्षेप घेतला तो मला कुठल्या पुस्तकात भेटला नव्हता. तो म्हणाला, “सर, तिथं पैसा कामानंतर. आमच्यात पैसा आधी असतो.” खरंच आहे. टोळीचा मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो ती हंगामाच्या आधी. ती फेडायची ती पुढचे पाच-सहा महिने कोयत्यानं, नवरा-बायकोच्या जोडीनं. ‘एक कोयता’ म्हणजे दोन माणसं, असा तिथला हिशेबच आहे. म्हणजे या घरांतला श्रीमंत महिना हा कर्जाचाच महिना असतो. दुकानदाराची बाकी, घराची पडलेली भिंत, पोरीचं लग्न, सगळं त्याच पंधरा-वीस दिवसांत ठरतं, कारण त्यानंतर टोळी गाडीत बसते.

पोरीचं लग्न हा शब्द आला म्हणून सांगतो. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात जवळपास २२ टक्के होतं, बीड जिल्ह्यात ४३ टक्क्यांच्या वर. कायदा २००६ चा आहे आणि तो गावात सगळ्यांना माहीत आहे. पण आई-बाप सहा महिने फडात, मुलगी चौदा-पंधराची, तिला आजीजवळ ठेवायची की बरोबर न्यायची की ‘उजवून टाकायची’, हा प्रश्न ठरावीक आठवड्यातच पडतो. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. ते टोळी निघायच्या आधी सुरू झालेलं दिसलं तर चौथा पर्याय तयार होतो. टोळी गेल्यावर पंधरा दिवसांनी सुरू झालं, तर तेवढेच पैसे खर्च होतात आणि ठरायचं ते ठरून गेलेलं असतं.

अशा निर्णयांना ‘स्वेच्छेने’ म्हणायचं का, हेही मुलं विचारतात. बीडमध्ये २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कागदावर प्रत्येकीची संमती असणारच. पण एक दिवस कामाला दांडी पडली की मजुरी जाते आणि वर खाड्याचा दंड बसतो. पाळीच्या त्रासाचा दर महिन्याला असा हिशेब करणाऱ्या बाईच्या ‘हो’मध्ये तो दंडही असतो.

तर मुलींना हे विचारायचं होतं: तुमच्या घरात अठराच्या आत लग्न झालं का? थेट विचारलं तर उत्तर ठरलेलं. गुन्हाच आहे, कोण सांगेल? यावर स्टॅन्ली वॉर्नर नावाच्या अमेरिकी संशोधकानं १९६५ मध्ये एक नामी युक्ती सुचवली. तिचं पुढचं सोपं रूप असं. बाईच्या हातात नाणं द्यायचं. ते तिनं आपल्याला न दाखवता उडवायचं. छापा पडला तर खरं काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा पडला तर खरं उत्तर द्यायचं. आता तिच्या ‘हो’चा अर्थ जगात कुणालाच कळत नाही, आपल्यालाही नाही. पण गावाचा अर्थ कळतो. समजा २०० बायका आहेत. साधारण १०० जणी नुसत्या छाप्यामुळे ‘हो’ म्हणतील. एकूण ‘हो’ १३० आले, तर वरचे ३० हे उरलेल्या १०० जणींपैकी खरे, म्हणजे ३० टक्के.

गणित ऐकून वर्ग खूश झाला, मी मुद्दाम पाणी ओतलं. २०० वेळा नाणं उडवलं तर छापे बरोबर १०० पडत नाहीत. बहुतेक वेळा ८६ ते ११४ च्या मध्ये कुठेतरी पडतात. शिवाय काटा नेमका कुणाला पडतो, हेही नशीबच. म्हणून ते ३० टक्के खरं म्हणजे साधारण १७ ते ४३ यांच्यामधलं काहीतरी. गुपित राखायची किंमत ही. एका गावापुरत्या आकड्यावर पेपर लिहिता येत नाही, जिल्ह्याच्या कॉलेजांनी मिळून केलं तर येईल.

शिवाय नाणं चाललंच नाही. पहिल्याच घरी आजी ओरडली, “जुगार खेळवायलीस का गं पोरीला?” मुलींनी परत येऊन तोड काढली: फोडलेला चिंचोका. एक बाजू पांढरी, एक तपकिरी, सारीपाटाला आजीच्याच पिढीनं वापरलेला. त्याला कुणी हरकत घेत नाही. मात्र चिंचोका नाण्यासारखा समतोल नसतो, प्रत्येकाचा कल वेगळा. म्हणून वापरायचा तो एकच चिंचोका, आणि आधी त्याची परीक्षा. दोन मुली वसतिगृहाच्या खोलीत बसून तो पाचशे वेळा टाकून वहीत रेघा ओढत होत्या. पांढरी बाजू, म्हणजे आपला छापा, समजा शंभरात चाळीस वेळा पडते असं निघालं, तर फुकटचे ‘हो’ निम्मे न धरता चाळीस टक्के धरायचे, बाकी हिशेब तोच. शेजारच्या खोलीतल्या मुलींना हे वेडेपण वाटलं. मला वाटतं त्या वर्षातलं सर्वात शुद्ध विज्ञान त्या खोलीत चाललं होतं.

एक अडचण मात्र चिंचोक्यानं सुटत नाही. हातात फॉर्म घेतलेला कुणीही माणूस गावाला योजनेवाला वाटतो. “यात आमचं नाव लागंल का?” हा प्रश्न दर दुसऱ्या दारात. नाव लागणार असेल तर जमीन कमी सांगायची, म्हातारी वेगळी राहते असं सांगायचं. शहाणपणच आहे ते. मुली त्याच भागातल्या, कुणाची मावशी त्याच गावात दिलेली. त्यामुळे त्यांना खोटं लगेच ओळखू येतं, आणि तेवढ्यामुळेच काही दारं त्यांच्यासाठी बंदही होतात. आपल्या जावेच्या भाचीला कोण खरं सांगतं? यावर उपाय म्हणून यंदा गावं अदलाबदल केली आहेत: जालन्याकडच्या मुली परभणीकडच्या गावात, आणि उलट. फॉर्मवर नाव, गट नंबर, आधार, काहीच लिहायचं नाही, आणि ते बाईला दाखवूनच बसायचं.

आता घोडं अडलंय तारखेवर. विचारायला सर्वात चांगले दिवस म्हणजे उचल हातात आली आहे आणि टोळी अजून निघाली नाही ते. सत्र परीक्षा नेमकी त्याच सुमारास येते. शिबिर हिवाळ्यात घेतलं तर निम्म्या घरांना कुलूप आणि ओसरीवर म्हातारी माणसं. मुलींनी दोन पेपरांच्या मधले सुट्टीचे दिवस मोजून काढलेत, चार भरतात. चिंचोका एकीच्या कंपासपेटीत आहे, सेलोटेप लावून, हरवू नये म्हणून.