आस्कंद (अश्वगंधा) : मुळी, तिच्यावरचे संशोधन आणि विदर्भातील लागवड

वांगे, टोमॅटो, मिरची ज्या कुळात मोडतात त्याच सोलॅनेसी कुळातील औषधी झुडूप. शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा. मराठीत आस्कंद, असगंध, ढोरगुंज. संस्कृतात अश्वगंधा, वाजिगंधा. ताज्या मुळीला घोड्याच्या अंगासारखा उग्र वास येतो, त्यावरून अश्वगंधा हे नाव पडले. ‘सोम्निफेरा’ म्हणजे झोप आणणारी. मुळी हा औषधी भाग. चरकसंहितेत अश्वगंधा बल्य आणि बृंहणीय अशा दोन्ही गणांत येते, म्हणजे ताकद देणाऱ्या आणि अंग भरून आणणाऱ्या द्रव्यांत. बाजारात ‘नागोरी असगंध’ असे नाव ऐकू येते. ते राजस्थानातल्या नागौरवरून आले आहे, नागपूरशी त्याचा संबंध नाही.

विदर्भात गावठाणाच्या कडेला, उकिरड्याजवळ, धुऱ्यावर, पडीक बरड जमिनीत ही झुडपे आपोआप उगवतात. उंची गुडघ्यापासून छातीपर्यंत. खोड आणि पानांवर राखाडी मऊ लव, फुले बारीक आणि हिरवट पिवळी. फळ वाटाण्याएवढे, पिकल्यावर लालभडक आणि कागदासारख्या फुगीर वेष्टनात झाकलेले. वेष्टनामुळे रानपोपटीशी गल्लत होते. रानपोपटीचे फळ पिकल्यावर पिवळसर होते आणि मुले ते आवडीने खातात. आस्कंदाचे फळ खाण्याचे नाही. पनीरफूल ही याच प्रजातीतली दुसरी जात (विथानिया कोॲग्युलन्स). तिची फळे दूध फाडायला वापरतात आणि तिची मुळी आस्कंद म्हणून विकणे ही भेसळ आहे.

रानटी झुडूप आणि लागवडीतले झुडूप एकाच नावाने ओळखले जात असले तरी त्यांच्या मुळ्या सारख्या नसतात. रानटी झुडूप अनेक वर्षे जगते आणि त्याची मुळी लाकडासारखी चिवट, धाग्यांची होते. लागवडीतले झुडूप पाच-सहा महिन्यांत काढले जाते. त्याची मुळी जाड, पिठूळ आणि आतून पांढरी असते. हा फरक एवढा ठळक आहे की लागवडीतल्या आस्कंदाला स्वतंत्र जाती मानावे असा प्रस्तावही वनस्पतिशास्त्रज्ञांनी मांडला होता. म्हणून धुऱ्यावरची मुळी उपटून चूर्ण केले आणि संशोधनात आढळलेले गुण त्यात धरून चालले, तर हिशेब चुकतो. अश्वगंधेवरचा कोणताही निष्कर्ष वाचताना तीन गोष्टी आधी पाहाव्यात: झाडाचा भाग कोणता, चूर्ण होते की अर्क, आणि मात्रा किती.

रसायनशास्त्र

मुळीतल्या मुख्य क्रियाशील द्रव्यांना विथॅनोलाइड म्हणतात. ही २८ कार्बनी स्टेरॉइडी लॅक्टोने असतात. त्यांतल्या विथाफेरिन-ए या द्रव्याची रचना १९६५ मध्ये इस्राएलमधील रसायनशास्त्रज्ञांनी पानांतून मिळवलेल्या नमुन्यावरून निश्चित केली. विथाफेरिन-ए पानांत भरपूर आणि मुळीत थोडे असते. मुळीत विथॅनोलाइड-ए आणि इतर द्रव्ये, शिवाय अल्कलॉइडे आणि बराचसा स्टार्च. भारतीय मुळीत एकूण अल्कलॉइडांचे प्रमाण साधारण ०.१३ ते ०.३१ टक्के नोंदले आहे. विथॅनोलाइडांचे प्रमाण वाण, जमीन, काढणीचे वय आणि साठवण यांप्रमाणे बदलते, पण सुक्या मुळीत ते बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते.

अर्क आणि चूर्ण यांतला फरक आकड्यांत पाहावा. ५ टक्के विथॅनोलाइड असलेला अर्क दिवसाला ६०० मिलिग्रॅम घेतला तर पोटात ३० मिलिग्रॅम विथॅनोलाइडे जातात. ०.३ टक्के प्रमाण असलेल्या मुळीचे ३ ग्रॅम चूर्ण घेतले तर ९ मिलिग्रॅम. दोन्हींना लोक ‘अश्वगंधा’च म्हणतात. भर म्हणजे मोजण्याची पद्धतही आकडा बदलते. अर्क सुकवून वजनाने केलेल्या मोजणीत विथॅनोलाइडांखेरीज इतर द्रव्येही धरली जातात आणि आकडा फुगतो. एचपीएलसी यंत्रावर एकेक द्रव्य वेगळे करून मोजले तर तो खाली येतो. प्रयोगशाळेच्या अहवालावर पद्धत लिहिलेली नसेल तर नुसत्या टक्केवारीला अर्थ नाही.

माणसांवरचे प्रयोग

ताण आणि झोप या दोनच बाबतींत पुरावा बऱ्यापैकी जमला आहे. हैदराबाद येथे झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सर्वाधिक उद्धृत होतो. त्यात दीर्घकाळ ताणाखाली असलेले ६४ जण होते. निम्म्यांना मुळीचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, असे ६० दिवस दिले. अर्क घेणाऱ्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल (ताणात वाढणारे संप्रेरक) सरासरी २७.९ टक्क्यांनी घटले; निष्क्रिय गोळीच्या गटात घट ७.९ टक्के होती. झोपेवरील पाच प्रयोग, एकूण ४०० माणसे, एकत्र धरून २०२१ मध्ये केलेल्या विश्लेषणात परिणाम लहान पण खरा दिसला. दिवसाला ६०० मिलिग्रॅम किंवा जास्त अर्क आणि किमान ८ आठवडे, अशा ठिकाणी तो अधिक स्पष्ट होता.

या प्रयोगांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. बहुतेक प्रयोग ४० ते १०० माणसांवरचे, दोन-तीन महिन्यांचे आहेत, आणि अनेकांना अर्क बनवणाऱ्यांनीच अर्क पुरवला आहे. तीन महिन्यांपलीकडे रोज घेतल्यास काय होते याचा भक्कम पुरावा नाही. जवळपास सगळे प्रयोग प्रमाणित अर्कावरचे आहेत, घरच्या चूर्णावरचे नाहीत.

प्राण्यांवरचे निष्कर्ष वर्तमानपत्रांतून माणसांवरच्या निष्कर्षांसारखे छापले जातात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१२ मध्ये दाखवले की अल्झायमरसारखा आजार निर्माण केलेल्या उंदरांत मुळीच्या अर्काने मेंदूतला अमायलॉइड (या आजारात साचणाऱ्या प्रथिनाचा) साका घटला आणि यकृतातल्या एका वाहक प्रथिनाची पातळी वाढली. संशोधन उत्तम आहे, पण ते उंदरांवरचे आहे. विथाफेरिन-ए कर्करोगाच्या पेशी मारते, हे काचेच्या बशीतल्या पेशींवर अनेकदा दिसले. त्यावरून कर्करोगाच्या रुग्णाने उपचार सोडून चूर्णावर राहणे जिवाशी खेळ आहे.

मात्रा, वापर आणि धोके

आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात) मुळीच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम दिली आहे. चहाचा चमचा गच्च भरला की ३ ग्रॅमच्या आसपास जातो, पण तो अंदाजच; वजन करून घेणे बरे. घरोघरी चूर्ण दूध-तुपातून देतात. शास्त्रोक्त क्षीरपाकाचे प्रमाण द्रव्य १, दूध ८, पाणी ३२ असे आहे. म्हणजे ५ ग्रॅम भरड मुळी, ४० मिलिलिटर दूध आणि १६० मिलिलिटर पाणी मंद आचेवर आटवत न्यायचे आणि दुधाएवढे उरले की गाळायचे. मोठी आच दिली तर दूध तळाला लागते आणि भरड वर तरंगत राहते. दुधाची योजना रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही समजण्याजोगी आहे, कारण विथॅनोलाइडे नुसत्या पाण्यात कमी विरघळतात. खेड्यात पाने गरम करून गाठीवर, सुजेवर बांधतात. ते बाहेरून. पोटात घेण्यासाठी पान वापरू नये. औषध उत्पादकांनी अश्वगंधेची पाने वापरू नयेत अशी सूचना आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढली होती.

‘झाडपाल्याचे आहे, अपाय कसला’ हे आस्कंदाच्या बाबतीत खरे नाही. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतील पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. अर्क सुरू केल्यावर २ ते १२ आठवड्यांत कावीळ आणि अंगाला खाज. बंद केल्यावर यकृताच्या चाचण्या १ ते ५ महिन्यांत पूर्ववत झाल्या. असे रुग्ण विरळ आहेत, पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा विनाकारण खाज सुटली तर चूर्ण त्याच दिवशी थांबवून रक्त तपासावे. थायरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये; परिणाम एकमेकांवर चढतात. गरोदरपणी घेऊ नये. डेन्मार्कने २०२३ मध्ये या वनस्पतीवर बंदी घातली. त्यामागच्या अहवालात मुळी आणि पान यांत पुरेसा भेद केला नाही असा भारतीय तज्ज्ञांचा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे.

विदर्भातील लागवड

पिकाला ५०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पुरतो आणि शेवटचे दोन-तीन महिने कोरडे लागतात. म्हणून बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती आणि यवतमाळच्या हलक्या, बरड, निचऱ्याच्या जमिनी योग्य. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीतल्या धानाच्या बांधीत पाणी साचते, तिथे मुळी सडते. भारी काळ्या जमिनीत दुहेरी अडचण: पावसात चिखल धरून राहतो आणि माघ-फाल्गुनात जमीन दगडासारखी होऊन भेगाळते, त्यामुळे उपटताना निम्मी मुळी आत तुटते.

वाणांत मंदसौर येथून आलेले जवाहर आसगंध-२० आणि १३४, तसेच लखनौच्या सीमॅप (केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती) संस्थेचे पोषिता आणि रक्षिता हे माहितीचे आहेत. झाड प्रत्यक्ष ओळखायचे असेल तर अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे.

पेरणी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून. मूग-उडीद लवकर निघालेल्या वावरात हे पीक बसते. जूनमध्ये पेरले तर सततच्या पावसात रोपे मरतात आणि उरलेली पाल्यात वाढतात. फेकून पेरायला एकरी ४ ते ५ किलो बी लागते. बी बारीक असते, म्हणून पाचपट कोरडी वाळू मिसळून पेरतात आणि वरून काटेरी फांदी किंवा हलका वखर फिरवतात. बी १ ते ३ सेंटिमीटर खोल पडावे, त्याहून खोल गेले तर वर येत नाही. बी मागच्या हंगामातलेच घ्यावे, जुन्याची उगवण झपाट्याने घटते. किलोला ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळले की कोंब सडण्याचे प्रमाण कमी होते. रोपवाटिकेला एकरी २ किलो बी पुरते, रोपे सहा आठवड्यांची झाली की लावतात. पण उपटताना सोटमूळ दुखावते आणि पुढे मुळीला फाटे फुटतात. सरळ, जाड मुळी हवी असेल तर थेट पेरणीच चांगली.

२५ ते ३० दिवसांनी विरळणी आणि निंदण. चौरस मीटरला ३० ते ६० झाडे राहावीत. विरळणी टाळली तर मुळ्या पेन्सिलएवढ्याच राहतात, आणि एकरी नफ्याचे सगळे गणित तिथेच बिघडते. नत्र जास्त दिले तर पाला माजतो, मुळी पोसत नाही. हेक्टरी १५ किलो नत्र आणि १५ किलो स्फुरद पुरेसे. वांगी, टोमॅटो किंवा मिरची काढलेल्या वावरात आस्कंद घेऊ नये. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आणि पाने खरवडणारे ठिपकेदार भुंगेरे दोन्हींचे एकच. जवळ कपाशी असेल तर फवारणीचे तुषार उडून येणार नाहीत इतके अंतर ठेवावे, नाहीतर माल अवशेषांच्या चाचणीत अडकतो. कार्तिकात ढगाळ हवा आणि अवेळी पाऊस आला की पानांवर करप्याचे ठिपके येतात. ढोरे सहसा या पिकाला तोंड लावत नाहीत.

काढणी आणि वाळवण

१५० ते १८० दिवसांत, जानेवारी ते मार्च, खालची पाने सुकतात आणि फळे लाल होतात. उशीर केला तर मुळी लाकडी होते. काढणीच्या एक-दोन दिवस आधी हलके पाणी देऊन झाड मुळासकट उपटावे. खोड मुळीच्या वर १ ते २ सेंटिमीटरवर छाटतात. त्याहून जास्त खोड राहिले तर व्यापारी ते भेसळ धरतो, आणि ते बरोबरच आहे. मुळी झटपट धुवावी, पाण्यात भिजत घालू नये; भिजली की काळपट पडते. ७ ते १० सेंटिमीटरचे तुकडे करून ताडपत्रीवर एकाच थरात वाळवावेत. ढीग केला की आत बुरशी धरते आणि ती चूर्णातही उतरते. ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आला की मुळी वाकत नाही, कट्‌कन मोडते. मग काठीने हलके झोडून माती आणि केसाळ मुळे वेगळी करतात. एकरी उतारा साधारण सव्वा ते दोन क्विंटल सुकी मुळी.

प्रतवारी डोळ्यांनीच होते. अव्वल मुळी ७ सेंटिमीटरपर्यंत लांब, १ ते १.५ सेंटिमीटर जाड, भरीव, आतून पांढरी शुभ्र. दुसरी ५ सेंटिमीटर लांब आणि सुमारे १ सेंटिमीटर जाड. तिसरी ३ ते ४ सेंटिमीटरची, बारीक, फाटे फुटलेली. पोकळ, पिवळट तुकडे आणि चुरा सगळ्यांत खाली. मध्य प्रदेशातील नीमच हे या मालाचे मोठे केंद्र आहे, तिथे प्रत मिसळून नेलेल्या पोत्याला खालच्या प्रतीचा भाव लागतो.

औषधनिर्मात्याला विकायचे असेल तर फार्माकोपियाच्या मर्यादा माहीत हव्यात: इतर कचरा २ टक्क्यांपर्यंत, एकूण राख ७ टक्क्यांपर्यंत, आम्लात न विरघळणारी राख १ टक्क्यापर्यंत. शेवटचा आकडा वाढला तर मुळीला माती चिकटलेली आहे असे समजावे. शिसे दर किलोला १० मिलिग्रॅम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ मिलिग्रॅमपर्यंत चालते. नमुना एकाच पोत्याच्या तोंडातून काढू नये. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठभर घेऊन ते मिसळावे, त्यातला निम्मा प्रयोगशाळेला द्यावा आणि निम्मा मोहोर लावून घरी ठेवावा. सोबतच्या चिठ्ठीवर वाण, पेरणीची आणि काढणीची तारीख आणि वावराचा गट क्रमांक लिहावा.