प्रारंभिक प्रोटेस्टंट मंडळ्यांमधील सीमापार विचारविनिमय

सोळाव्या शतकात युरोपातील धर्मसुधारणेच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी राज्यांच्या व भाषांच्या सीमा ओलांडून परस्परांशी केलेली धर्मविचारांची देवाणघेवाण. रोमन कॅथलिक चर्चला पोपचे एकच केंद्र होते, तसे सर्वमान्य केंद्र प्रोटेस्टंटांपाशी नव्हते. विटनबर्ग, झुरिक, स्ट्रासबर्ग, जिनिव्हा, एम्डेन, लंडन अशा शहरांतील मंडळ्या सिद्धांत, उपासना व अंतर्गत कारभार यांविषयीचे निर्णय आपापल्या ठिकाणी घेत आणि ते पत्रांतून, छापील पुस्तकांतून व प्रवाशांच्या तोंडून एकमेकींना कळवत. या इतिहासात विटनबर्गचे मार्टिन ल्यूथर आणि जिनिव्हाचे जॉन कॅल्व्हिन यांचीच नावे सर्वत्र आढळत असली, तरी देवाणघेवाणीचा मोठा भार वाहिला तो अखंड पत्रे लिहिणाऱ्या पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) आणि घरदार सोडून परक्या शहरात उपासनेला जमणाऱ्या विणकर, छापखानेवाले व व्यापारी कुटुंबांनी.

पहिले माध्यम छपाईचे होते. ल्यूथर यांनी १५१७ मध्ये विटनबर्ग येथे पापक्षमापत्रांच्या विक्रीवर आक्षेप घेणारी आपली ९५ प्रमेये मांडली आणि वर्षभरातच, १५१८ मध्ये, बाझेलचे मुद्रक योहान फ्रोबेन यांनी त्यांच्या लॅटिन लेखनाचा संग्रह छापला. आपण ६०० प्रती फ्रान्स व स्पेनकडे रवाना केल्याचे फ्रोबेन यांनी पुढच्या वर्षी ल्यूथर यांना पत्राने कळवले. फ्रँकफुर्ट येथे वसंतात व शरदात भरणाऱ्या जत्रेत पुस्तकांच्या पेट्यांबरोबर पाळकांची पत्रेही हातोहात पुढे जात. जिथे राजसत्ता विरोधात होती तिथे हाच व्यवहार चोरट्या मार्गाने चाले. विल्यम टिंडेल यांचा इंग्रजी नवा करार (बायबलचा दुसरा भाग) १५२६ मध्ये जर्मनीतील वर्म्स येथे छापला गेला आणि मालाच्या गठ्ठ्यांत दडवून इंग्लंडमध्ये उतरवण्यात आला. टिंडेल स्वतः मायदेशी परतू शकले नाहीत; १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळ त्यांना देहदंड देण्यात आला.

विचार प्रवास करत होते, तसे मतभेदही करत होते. १५२९ मध्ये हेस या जर्मन राज्याचे राज्यकर्ते फिलिप यांनी मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झुरिकचे हुल्ड्राइख झ्विंग्ली यांना समोरासमोर बसवले. पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले, परंतु प्रभुभोजनातील भाकरी व द्राक्षरसात ख्रिस्ताचे शरीर व रक्त कशा प्रकारे उपस्थित असते, या प्रश्नावर दोघेही मागे हटले नाहीत. कोणत्या मंडळीने कोणाला आपले म्हणावे, हे पुढे अनेक दशके याच एका प्रश्नावर ठरत गेले.

झ्विंग्ली यांच्या मृत्यूनंतर १५३१ मध्ये झुरिकच्या चर्चची धुरा हाइन्रिख बुलिंगर यांच्याकडे आली आणि १५७५ पर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. त्यांच्या पत्रव्यवहारातील सुमारे १२,००० पत्रे आज उपलब्ध असून त्यांपैकी सुमारे १०,००० त्यांना आलेली आहेत. लिहिणाऱ्यांत राजे, बिशप, विद्यार्थी, निर्वासित असे सर्व थरांतील लोक आहेत. इंग्लंडच्या राजघराण्यातील लेडी जेन ग्रे ही किशोरवयीन मुलगी १५५१ ते १५५३ या काळात त्यांना लॅटिनमध्ये पत्रे लिहीत होती आणि हिब्रू भाषा शिकायला सुरुवात केल्यावर अभ्यास कोणत्या पद्धतीने करावा, हे तिने त्यांनाच विचारले. १५४९ मध्ये बुलिंगर व कॅल्व्हिन यांनी प्रभुभोजनाविषयी समान मसुदा मान्य केला. ‘झुरिक सहमती’ म्हणून ओळखला जाणारा हा मसुदा दीर्घ पत्रव्यवहारातून साकारला होता. मारबुर्गच्या भेटीत जे साधले नाही ते येथे साधले. मात्र या सहमतीमुळे ल्यूथरपंथीयांशी असलेले अंतर आणखी वाढले.

याच जाळ्याची कठोर बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. त्रैक्याचा (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांत नाकारणारे स्पॅनिश वैद्य मिखाएल सर्व्हेटस यांच्यावर १५५३ मध्ये जिनिव्हात खटला चालला, तेव्हा तेथील नगरसभेने इतर स्विस शहरांचे मत लेखी मागवले. एकाही शहराने सर्व्हेटस यांची बाजू घेतली नाही आणि त्यांना जिवंत जाळण्यात आले. मतैक्य घडवणारी पत्रे येथे एका माणसाचा जीव घेण्यास साह्यभूत ठरली, ही गोष्ट धर्मसुधारकांच्या थोरवीचे वर्णन करताना झाकून ठेवता येत नाही.

सहावा एडवर्ड याच्या कारकिर्दीत (१५४७–५३) इंग्लंड हे या देवाणघेवाणीचे मोठे क्षेत्र बनले. आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांनी युरोपातील विद्वानांना आग्रहाने बोलावून घेतले. इटालियन धर्मपंडित पीटर मार्टर व्हेर्मिली ऑक्सफर्डला, तर स्ट्रासबर्ग सोडावे लागलेले मार्टिन ब्यूत्सर केंब्रिजला प्राध्यापक झाले. उतारवयातील ब्यूत्सर यांना इंग्लंडची थंडी सोसेना, तेव्हा त्यांना घरात जर्मन पद्धतीची शेगडी बांधून घेता यावी म्हणून राजाने २० पौंड दिले. ब्यूत्सर यांनी ख्रिस्ताच्या राज्याविषयीचा आपला ग्रंथ राजाला भेट देऊन त्याची परतफेड केली. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकावर त्यांनी केलेल्या टीकेचा उपयोग १५५२ च्या सुधारित आवृत्तीसाठी झाला. त्याच वर्षी क्रॅन्मर यांनी कॅल्व्हिन, बुलिंगर व ल्यूथर यांचे सहकारी मेलांख्टन यांना पत्रे लिहून सर्व प्रोटेस्टंटांची एक परिषद भरवण्याची कल्पना मांडली. गरज पडल्यास दहा समुद्र ओलांडून येईन, असे कॅल्व्हिन यांनी उत्तर दिले, पण ती परिषद कधीच भरली नाही.

१५५० मध्ये लंडनमधील परकीय प्रोटेस्टंटांना स्वतःची मंडळी चालवण्याची राजसनद मिळाली आणि तिचे प्रमुख म्हणून पोलंडमधील उमराव घराण्यातले यान लास्की यांची नेमणूक झाली. पोलिश प्रमुखाच्या देखरेखीखाली डच व फ्रेंच भाषिकांनी इंग्लंडच्या राजधानीत आपापल्या भाषेत उपासना करावी, ही त्या काळातील विलक्षण घटना होती. १५५३ मध्ये कॅथलिक राणी मेरी गादीवर येताच ही मंडळी विखुरली. लास्की यांच्यासह सुमारे १७५ जण जहाजांनी डेन्मार्कला पोहोचले. तेथील ल्यूथरपंथीय राजाने प्रभुभोजनाविषयीच्या मतभेदामुळे त्यांना आसरा नाकारला आणि ऐन हिवाळ्यात त्यांना पुन्हा बाहेर पडावे लागले. जर्मनीच्या किनाऱ्यावरील विस्मारजवळ काही जणांचे जहाज बर्फात अडकले असता त्यांना अन्न नेऊन दिले ते मेन्नो सिमन्स यांच्या अनुयायांनी, म्हणजे ज्यांचा बालबाप्तिस्म्याला विरोध होता आणि ज्यांचा इतर सर्व प्रोटेस्टंट धिक्कार करत अशा पुनर्बाप्तिस्मावाद्यांनी. त्यानंतर थोड्याच दिवसांत मेन्नो आणि निर्वासितांचे पाळक मार्टेन मिक्रॉन यांच्यात ख्रिस्ताच्या मानवी देहाविषयी वाद झाला. विस्मार, ल्यूबेक व हॅम्बुर्ग येथेही थारा न मिळाल्याने हे लोक अखेर १५५४ मध्ये एम्डेनला स्थिरावले. या शहराने पुढे डच प्रोटेस्टंटांना आश्रय दिला, पुस्तके छापून पुरवली आणि १५७१ मध्ये त्यांची महत्त्वाची धर्मसभाही तेथेच भरली.

सुमारे ८०० इंग्रज प्रोटेस्टंटही याच काळात देशाबाहेर गेले. फ्रँकफुर्टमध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक ठेवावे की जिनिव्हाच्या धर्तीवर उपासना करावी, यावरून त्यांच्यात फूट पडली आणि स्कॉटिश धर्मसुधारक जॉन नॉक्स यांना ते शहर सोडावे लागले. जिनिव्हातील निर्वासितांनी टिपा, नकाशे व क्रमांकित वचने असलेले इंग्रजी बायबल १५६० मध्ये प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये ते अनेक पिढ्या घरोघरी वाचले गेले. मेरीच्या मृत्यूनंतर मायदेशी परतून बिशप झालेल्यांनी झुरिकशी पत्रव्यवहार चालू ठेवला. १५६६ च्या सुमारास पाळकांनी ठरावीक पोशाख घालावा की नाही यावरून वाद पेटला असता, पोशाखापायी पद सोडू नये अशा आशयाचे बुलिंगर यांचे खाजगी पत्र बिशपांनी त्यांना न विचारता छापून टाकले. दुरून दिलेला सल्ला स्थानिक भांडणात शस्त्रासारखा वापरला जाऊ शकतो, याचा बुलिंगर यांना अशा रीतीने अनुभव आला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला त्यांचा विश्वासांगीकार (श्रद्धातत्त्वांचे निवेदन) मात्र स्कॉटलंडने व १५६७ मध्ये हंगेरीतील डेब्रेत्सेनच्या धर्मसभेने मान्य केला.

सामान्य माणसापर्यंत हा विनिमय पोहोचला तो मुख्यतः गायनातून. जिनिव्हात १५६२ मध्ये पूर्ण झालेला फ्रेंच छंदोबद्ध स्तोत्रसंग्रह डचमध्ये १५६६ मध्ये, जर्मनमध्ये १५७३ मध्ये आणि हंगेरियनमध्ये १६०७ मध्ये उतरला. शब्द प्रत्येक भाषेचे वेगळे होते, पण चाली त्याच राहिल्या, त्यामुळे परक्या मंडळीत गेलेल्या प्रवाशालाही आपले स्तोत्र ओळखता येई. पाळकांच्या लॅटिन पत्रांना जे शक्य नव्हते ते या चालींनी केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या परंपरेतील सर्वांत मोठा मेळावा म्हणजे नेदरलँड्समधील डॉर्ट येथे १६१८–१९ मध्ये भरलेली धर्मसभा होय. पूर्वनियोजनाच्या (कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच ठरवले आहे या) सिद्धांतावरील डच वाद मिटवण्यासाठी ब्रिटन, पॅलाटिनेट, हेस, ब्रेमेन, एम्डेन, जिनिव्हा आणि स्विस शहरांतून प्रतिनिधी आले व त्यांनी लॅटिनमध्ये चर्चा केली. फ्रेंच प्रतिनिधींना तेरावा लुई याने जाण्याची परवानगी नाकारली, तेव्हा सभेने त्यांच्या जागा राखून ठेवल्या. पुढे १६२० मध्ये आलेस येथील फ्रेंच राष्ट्रीय धर्मसभेने डॉर्टचे निर्णय स्वीकारले.