हिमनदी चंद्रपुरावरून गेली होती

चंद्रपूरच्या पश्चिमेला इरई नावाचं गाव आहे. तिथल्या नदीपात्रात चुनखडकाचा काही भाग घासून गुळगुळीत झालाय आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे दिसतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी 1870च्या दशकात त्यांची नोंद केली, तीही बर्फाचं काम म्हणून. मे महिन्यात पारा 46-47 अंशांना टेकतो त्या मुलखात! विदर्भातल्या मुलांना ध्रुवीय विज्ञान सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी.

सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका हे सगळे भूभाग एकमेकांना चिकटून होते. या गोंडवनभूमीचा मोठा भाग दक्षिण ध्रुवाच्या आसपास होता आणि त्यावर बर्फाचे जाड थर होते. बर्फ सरकताना तळाशी गोठलेले दगडगोटे सोबत ओढून नेतो. खालच्या खडकावर ते पॉलिश पेपरसारखे चालतात. बर्फ वितळला की सोबतचा सगळा माल जागच्या जागी पडतो. नदी माल निवडून ठेवते: गोटे एकीकडे, रेती दुसरीकडे, गाळ आणखी पुढे. बर्फाला ती निवड जमत नाही. म्हणून जुन्या हिमनदीच्या थरात बारीक मातीतच मुठीएवढा आणि डोक्याएवढा दगड शेजारी शेजारी रुतलेला सापडतो. एवढी खूण कळली की नववीतलं पोरगंही नदीचा थर आणि बर्फाचा थर वेगळा काढू शकतं.

ध्रुवीय विज्ञान मुलांपर्यंत न्यायचं म्हणून बहुतेक ठिकाणी पेंग्विनचे फोटो दाखवले जातात. टाळ्या पडतात, प्रश्न मात्र फारसे येत नाहीत. त्यात मुलांचा दोष नाही. जे फक्त पडद्यावर दिसतं, त्याला काय विचारणार? हातात दगड आला की विचारायला काहीतरी मिळतं.

दगडांची आपल्याकडे वानवा नाही. कामठी, उमरेड, वणी, बल्लारपूर या कोळशाच्या पट्ट्यातल्या खडकांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे सापडतात. पान जिभेच्या आकाराचं, मधोमध ठळक शीर, तिच्या दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. नागपुरात शाळा चालवणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कामठी-सिल्लेवाडा भागातून असे ठसे गोळा केले होते. तेव्हा ते कुठल्या जुन्या जगाचे आहेत हे कुणालाच कळलेलं नव्हतं.

आता त्याच पानाची दुसरी बाजू. ब्रिटिश शोधक कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे चार साथीदार जानेवारी 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले आणि परतीच्या वाटेवर पाचही जण मेले. नोव्हेंबरमध्ये तंबू सापडला तेव्हा आत मृतदेह होते आणि सोबत सुमारे 16 किलो दगड. उपासमार होत असताना, पाय गोठलेले असताना ते ओझं त्यांनी टाकलं नव्हतं. बिअर्डमोर हिमनदीजवळ उचललेल्या त्या दगडांत ग्लोसोप्टेरिसचे ठसे निघाले. जाड बियांचं हे झाड समुद्र ओलांडून जाणं अवघड, तेव्हा कामठी आणि अंटार्क्टिका कधीकाळी एकाच जमिनीवर असणार, या तर्काला मोठा आधार मिळाला. भारताचं ‘भारती’ हे संशोधन केंद्र 2012 पासून पूर्व अंटार्क्टिकाच्या लार्समन टेकड्यांवर आहे. हा भाग पूर्वी आपल्या पूर्व किनाऱ्याला जोडलेला होता. वर्धा-प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातले कोळशाचे थरही त्याच जोडलेल्या जमिनीवर साचले. मुलांना हे नकाशावर दाखवायचं तर कात्री आणि पुठ्ठा पुरे.

एक तंबी देऊन ठेवतो: खाणीत किंवा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीच्या) मातीच्या ढिगाऱ्यांवर पोरांना नेऊ नये. ढिगारे घसरतात. नदीकाठी उघडे पडलेले थर बघावेत, तेही उन्हाळ्यात पाणी आटल्यावर आणि सोबत मोठं माणूस घेऊन.

दगड झाला, आता बर्फ. विदर्भातल्या गावात बर्फ मिळतो तो तालुक्याच्या बाजारात, पोत्यात गुंडाळलेल्या, वर भुसा टाकलेल्या लादीच्या रूपात. लादी उन्हात धरून बघा. कडेला काचेसारखी स्वच्छ, मधात पांढरट, धुरकट. गोळेवाल्याच्या गाडीशी उभ्या एका मुलाने विचारलं होतं, “हे मधात पांढरं काऊन आहे?” प्रश्न अस्सल ध्रुवीय विज्ञानाचा आहे.

कारखान्यात पाण्याने भरलेले डबे शून्याखाली थंड केलेल्या खाऱ्या पाण्यात बुडवतात. गोठणं बाहेरून आत जातं. पाण्याचे रेणू बर्फाच्या जाळीत बसताना विरघळलेली हवा आणि क्षार यांना बाहेर ढकलतात. ती मधल्या उरलेल्या पाण्यात साठत जातात आणि शेवटी तिथेच अडकतात. समुद्रही असाच गोठतो. उणे 1.8 अंशांच्या आसपास बर्फ धरू लागतो आणि मीठ बाहेर ढकललं जातं. खालचं पाणी आणखी खारं, जड होऊन बुडतं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ असं बुडालेलं पाणी तळातून पसरत हिंदी महासागरातही येतं. बर्फ जुना झाला की इतकं मीठ निथळून जातं की तो वितळवून पिता येतो.

घरी करून पाहायचं तर प्लास्टिकच्या डब्यात पाणी, चमचाभर मीठ, जिलबीचा रंग आणि फ्रीजर. पूर्ण गोठण्याआधी काढायचं. कडेचा बर्फ फिकट आणि कमी खारट, मधलं पाणी गडद. भारनियमन असेल त्या दिवशी मात्र हा उद्योग करू नये.

शेतात करायचा प्रयोग याहून सोपा. काळ्या मातीचे दोन वाफे घ्या, एकावर पातळ चुना फासा, दुपारी दोघांचं तापमान मोजा. तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, प्रयोगशाळेतला लागतो. ताजं हिम 80 ते 90 टक्के ऊन परत फेकतं, उघडा समुद्र 10 टक्केही फेकत नाही. त्यामुळे आर्क्टिकचा बर्फ घटला की खालचा समुद्र तापतो आणि आणखी बर्फ घटतो.

याचा आपल्याशी संबंध पावसातून येतो. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवलं, की रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी असणं आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी होणं यांचा संबंध दिसतो. उघडा पडलेला समुद्र हवा तापवतो, वरच्या थरातल्या वाऱ्यांच्या लाटा बदलतात आणि तापलेल्या अरबी समुद्रावरची वाफ त्यात सामील होते. प्रत्येक मुसळधार पावसाचं खापर कारा समुद्रावर फोडता येणार नाही. पण सप्टेंबर म्हणजे सोयाबीनच्या शेंगा भरलेल्या आणि कपाशीची बोंडं धरलेली. शेतकऱ्याच्या पोराला ‘संबंध’ या शब्दाचं वजन वेगळं सांगावं लागत नाही.

सपाट तळाची, सरळ काठांची बरणी आणि एक पट्टी एवढ्यावर गावात पावसाची वही सुरू करता येते. समुद्री बर्फाचे उपग्रही नकाशे रोजच्या रोज मोबाइलवर दिसतात आणि त्यांची सलग नोंद 1979 पासूनची आहे. वही आणि नकाशा शेजारी ठेवून बघावा. मोजायचं सकाळी साडेआठला, हवामान खात्याचीही तीच वेळ. बऱ्याचदा सप्टेंबरातच गणपती-महालक्ष्म्यांची गडबड असते आणि नोंदी तेव्हाच चुकतात, म्हणून दोघा-तिघांत पाळ्या आधीच वाटून घ्याव्यात.