मिकासाचं चित्र आणि चित्रातली मिकासा

मिकासा ही जपानची युद्धनौका. तिचं नाव काढलं की जपानी माणसाला आख्खं जहाज आठवत नाही, आठवतो तो तिच्यावरचा उघडा पूल, म्हणजे जिथून जहाजाचं नेतृत्व करतात तो उंच मंच. २७ मे १९०५ची दुपार, त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचं आरमार समोर दिसतंय आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेले जपानी आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल हेइहाचिरो तोगो तलवारीवर हात ठेवून उभे आहेत. शेजारी चीफ ऑफ स्टाफ कातो, हातात टिपणवही घेतलेले अधिकारी अकियामा. वर चार रंगांचं ‘झेड’ निशाण, म्हणजे सगळ्या जहाजांना दिलेला इशारा: साम्राज्याचं भवितव्य या लढाईवर आहे, प्रत्येकाने शर्थ करावी.

हे चित्र तोजो शोतारो यांचं. (दुसऱ्या महायुद्धातल्या पंतप्रधान तोजोंशी गल्लत नको.) नीट पाहिलं तर कठड्याला गुंडाळ्या बांधलेल्या दिसतात. त्या खलाशांच्या झोपायच्या झोळ्या. गोळा फुटून उडणारे तुकडे अडावेत म्हणून त्या तिथे बांधत. चिलखती खोली हाताशी असताना तोगो या एवढ्याशा आडोशामागे थांबले. त्या दिवशी मिकासाला तीसहून अधिक गोळे लागले.

जहाज मुळात इंग्लंडचं, बॅरोच्या व्हिकर्स गोदीत बांधलेलं. १९०२ मध्ये ते जपानी नौदलात आलं. त्सुशिमातून ते तरलं, पण त्याच सप्टेंबरात सासेबो बंदरात उभ्या उभ्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन बुडालं. अडीचशेहून अधिक माणसं गेली. लढाईतल्या मृतांपेक्षा किती तरी जास्त, पण हा प्रसंग चित्रांत फारसा आला नाही.

पुढे वर काढून, दुरुस्त करून ते पुन्हा वापरात आलं. युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या वॉशिंग्टन करारानंतर मात्र ते कायमचं मोडीत निघायचं होतं. समुद्रात परत जाणार नाही या अटीवर ते योकोसुकाच्या किनाऱ्यात काँक्रीटने रोवलं गेलं आणि १९२६ मध्ये स्मारक झालं. मूळ चित्र तोवर १९२३च्या भूकंपात जळालं होतं. तोजोंनी ते पुन्हा रंगवलं. जहाजावर आज आहे ते हेच, दुसऱ्यांदा रंगवलेलं.

जहाजाचीही तीच गत. १९४५ नंतर तोफा, डोलकाठ्या उतरल्या, डेकवर नाचघर आणि मत्स्यालय थाटलं गेलं. १९६१ मध्ये डागडुजी पुरी झाली तेव्हा काही भाग जपानात मोडीत आलेल्या ‘आल्मिरांते लातोरे’ या चिलीच्या युद्धनौकेचे बसवले. तोफा तर निव्वळ प्रतिकृती. पुलावर मात्र तोगो, कातो, अकियामा कुठे उभे होते त्या जागा दाखवल्या आहेत, आणि पाहुणे त्यावर पाय ठेवून फोटो काढतात.